जहाजाचं तिकीट खरं, किनाऱ्यावरची सहल खोटी : क्रूझ बुक करण्याआधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सिंगापूर-पेनांग-फुकेत अशा क्रूझची पॅकेजं आता गल्लोगल्ली विकली जातात. मंगल कार्यालयात जोडप्यांना जेवायला बोलावून, पेट्रोल पंपावर भरून घेतलेल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवरून फोन करून, नाहीतर ओळखीच्या ओळखीतून. फसवणूक म्हटलं की लोकांना वाटतं, तिकीटच बनावट असेल. तसं क्वचित होतं. जहाजाचं तिकीट बहुतेक वेळा खरंच निघतं, कारण ते क्रूझ कंपनी देते आणि तिथं लबाडी लगेच उघडी पडते. पैसे जातात ते बंदरावर उतरल्यानंतरच्या सहलींत. त्या सहलीचा कागद एजंटाचा असतो, क्रूझ कंपनीचा नसतो, आणि तो खोटा आहे हे कळतं तेव्हा माणूस हजारो मैल दूर धक्क्यावर उभा असतो.

पद्धत साधारण अशी असते. जहाजाचं भाडं कमी दाखवायचं आणि "शोअर एक्सकर्शन पॅकेज" (किनाऱ्यावरच्या सहली) म्हणून माणशी वेगळी रक्कम घ्यायची. "काका, उतरल्यावर आमचा माणूस पाटी घेऊन उभा असतो बघा, तुम्हाला काही बघावं लागत नाही." हातात मिळतो तो व्हॉट्सअपवरचा रंगीत पीडीएफ. त्यावर समुद्रकिनाऱ्याचे फोटो आणि ठिकाणांची यादी असते, पण तिथल्या टूर ऑपरेटरचं नाव नसतं, बुकिंग क्रमांक नसतो, नेमकं कुठं आणि किती वाजता भेटायचं तेही नसतं. प्रत्यक्षात तिथं कुणी येत नाही, किंवा एक व्हॅन येते आणि ड्रायव्हर सांगतो की फक्त नेण्याआणण्याचे पैसे मिळालेत, बोट आणि प्रवेश फी तुमची तुम्ही भरा. जहाज सुटायची वेळ ठरलेली असल्यामुळे भांडत बसायला वेळ नसतो, म्हणून लोक दुसऱ्यांदा पैसे देतात. सगळा धंदा या घाईवर चालतो.

दुसरी फसवणूक जास्त सभ्य दिसते, पण तिच्यात माणसं जास्त अडकतात. सहल खरी असते, फक्त ती त्या वेळात होण्यासारखी नसते. पॅकेजमध्ये "बँकॉक" लिहिलेलं असतं, पण मोठी जहाजं लागतात लाएम चाबांग बंदरात. तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे बेळगावाहून कोल्हापूरपेक्षा थोडं लांबच, आणि शहराच्या तोंडाशी गर्दी वेगळी. समजा जहाज सकाळी ७ ला लागलं आणि संध्याकाळी ६ ला सुटणार आहे. कागदावर ११ तास दिसतात. उतरून बसमध्ये बसेपर्यंत ८ वाजतात, शहरात पोचायला साडेदहा. परत ५ पर्यंत जहाजावर यायचं तर अडीचच्या आत निघावं लागतं. उरले चार तास, त्यात जेवण, राजवाडा आणि एजंटाच्या कमिशनचं रत्नांचं दुकान. राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत, आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला बंद होतो. साठीच्या माणसाला "आरामदायी सहल" म्हणून हे विकणं ही फसवणूकच आहे, मग पावती कितीही पक्की असो. याच बंदरापासून पट्टाया पाऊण तासावर आहे. आराम हवा असेल तर तिथल्या किनाऱ्यावर दिवस घालवणं केव्हाही बरं.

पोर्ट क्लांगचंही तसंच. पॅकेजमध्ये "क्वालालंपूर" असतं, पण धक्क्यापासून शहर गाठायला सव्वा ते दीड तास लागतो. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबा असेल तर हातात जेमतेम चार-साडेचार तास राहतात. जुळे मनोरे आणि बातू गुहा दोन्ही "आरामात" होतील असं सांगणारा एजंट एकतर तिथं गेलेला नाही किंवा खोटं बोलतो आहे. बातू गुहेला पायऱ्याच २७२ आहेत. कोलंबोला जहाज लागलं की कँडीची सहल विकतात. एका बाजूला तीन तासांच्या वर रस्ता, तोही वळणांचा. त्यापेक्षा गॉल फेस, गंगारामय मंदिर आणि पेट्टाचा बाजार हे बंदराच्या जवळचं पुष्कळ झालं.

उलट पेनांग. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि समोरच जॉर्ज टाउन. २००८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पायी जाता येईल इतक्या अंतरावर फोर्ट कॉर्नवॉलिस आहे, पाण्यावर खांबांवर उभी असलेली चिनी वस्ती आहे, लिटल इंडिया आहे, १८३३ चं मरिअम्मन देऊळ आहे. केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळतं. शहराच्या जुन्या भागात फिरणारी कॅट बस मोफत आहे. इथं "सिटी टूर"चे माणशी काही हजार लावलेले असतील तर सरळ काढून टाकायला सांगा. फारतर पेनांग हिलच्या रेल्वेसाठी गाडी करावी, पण तिथं रांग मोठी असते, सकाळी पहिल्यांदा तेच उरकावं. लंकावीतही धक्क्यापासून चेनांगचा किनारा जवळ आहे, टॅक्सी पुरते.

म्हणून कुठलंही पॅकेज हातात घेतलं की ठिकाणांची नावं वाचू नका, आधी बंदराचं नाव वाचा. जहाज थांबण्याच्या तासांतून उतरण्याचा एक तास आणि सुटण्याआधीचा एक तास वजा करा, मग येण्याजाण्याचा रस्ता वजा करा. जे उरतं तेवढीच तुमची सहल. रस्त्याला निम्म्याहून जास्त वेळ जात असेल तर ती घेऊ नका.

फुकेतला आणखी एक गाठ आहे. जहाज धक्क्याला न लागता पातोंगच्या खाडीत नांगर टाकत असेल तर किनाऱ्यावर छोट्या बोटीनं जावं लागतं, तिला टेंडर म्हणतात. टेंडरसाठी जहाजावर नंबर मिळतात आणि जहाजाकडून सहल घेतलेल्यांना आधी सोडतात. बाहेरची सहल घेतलेला माणूस तास-दीड तास वर खोळंबतो, तेवढ्यात त्याची स्पीडबोट निघून गेलेली असते आणि "नो शो" (वेळेवर आलाच नाही) म्हणून पैसे परत मिळत नाहीत. नैर्ऋत्य मान्सूनमध्ये, साधारण मे ते ऑक्टोबर, समुद्र खवळला तर टेंडर बंद होतात आणि थांबाच रद्द होतो. अशा वेळी जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे खात्यात परत येतात, एजंटाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे मागत फिरावं लागतं. टेंडरचा थांबा असेल तर सहल जहाजाकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. लक्षद्वीपच्या क्रूझलाही हे लागू आहे, तिथंही मोठं जहाज बाहेर उभं राहतं. शिवाय लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो जहाजाच्या भाड्यात आहे की नाही हे लेखी विचारा, कारण हाच परवाना दोनदा विकला जातो.

माया बे हे नाव वाचलं की थांबा. फुकेतजवळच्या फी फी बेटांवरचा हा किनारा २०१८ साली बंद केला होता, २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडला, आणि आता दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंद असतो. उघडा असतानाही तिथं पोहायला परवानगी नाही आणि बोट खाडीत शिरत नाही, मागच्या बाजूला लागते. तरी ऑगस्टच्या पॅकेजमध्ये "माया बे स्विमिंग" छापलेलं सापडतं. राष्ट्रीय उद्यानाची फी परदेशी प्रौढाला ४०० बाट, मुलांना २०० बाट. "सर्व समाविष्ट" लिहिलेल्या कागदात ती बारीक अक्षरात वगळलेली असते. कंबर, मणका दुखत असेल किंवा कुणी गरोदर असेल तर स्पीडबोटीत बसूच नये, लाटेवर ती आपटत जाते.

घड्याळाचा घोळ तर सगळ्यांना सांगायला हवा, कारण यात लबाडी कुणाचीच नसते आणि नुकसान सगळ्यात मोठं होतं. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ थायलंडच्या एक तास पुढं आहे. जहाज कधी आपलं घड्याळ बदलतं, कधी सिंगापूरच्याच वेळेवर ठेवतं. मोबाइल मात्र किनाऱ्यावर उतरताच थायलंडची वेळ धरतो. जहाजाच्या घड्याळात ५ वाजतात तेव्हा तुमच्या मोबाइलवर ४ दिसतात. खासगी ड्रायव्हरला जहाजाची वेळ माहीत नसते. साधं हातघड्याळ न्या, उतरण्याआधी जहाजाच्या घड्याळाशी जुळवा आणि ड्रायव्हरला दाखवा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा कंपनी पुढच्या बंदरापर्यंत पोचवते. बाहेरच्या सहलीसाठी ते थांबत नाही. मग विमानाचं तिकीट, हॉटेल, कधी व्हिसासुद्धा, सगळं तुमच्या खिशातून. आशियाई क्रूझवर पासपोर्ट बऱ्याचदा जहाजावर जमा करून घेतात. तसं असेल तर पासपोर्टची फोटोप्रत, थोडे डॉलर आणि दिवसभराची औषधं जवळ असल्याशिवाय उतरू नका. बंदरातल्या पोर्ट एजंटचा (तिथं जहाजाचं काम बघणाऱ्या माणसाचा) फोन नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

धक्क्याबाहेरचे सापळे जुनेच आहेत. "आज राजवाडा बंद आहे" म्हणून दुसरीकडे नेणारा टुकटुकवाला रत्नांच्या दुकानात सोडतो. पातोंग आणि पट्टायाला जेट स्की परत केली की आधीचाच ओरखडा दाखवून भरपाई मागतात, आणि पासपोर्ट तारण दिलेला असेल तर सुटका नसते. जेट स्की घेऊच नका. घ्यायचीच तर आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

आता घरूनच करायच्या गोष्टी. एजंटाकडून क्रूझ कंपनीचा बुकिंग क्रमांक घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर आडनाव घालून स्वतः उघडा. केबिन कोणती, रक्कम पूर्ण भरली आहे का, आणि कोणती सहल जोडलेली आहे, हे तिथं दिसतं. एजंट म्हणतो की सहल जहाजाचीच आहे आणि तिथं ती दिसत नसेल, तर ती नाही. जहाजाची नसेल तर तिथल्या ऑपरेटरचं नाव, त्याचा बुकिंग क्रमांक, भेटायची जागा, वेळ आणि काय धरून, काय वगळून हे लेखी मागा, मग त्या ऑपरेटरला स्वतः ईमेल करून खात्री करा. दोन ओळींचं उत्तर यायला एक दिवस पुरतो. "वेळ नाही, आजच ऑफर संपते" असं उत्तर मिळालं तर उठून या.

बिलावरचा जीएसटी क्रमांक बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात : २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. बेळगावच्या टिळकवाडीत ऑफिस आणि बिल २७ चं, यात लगेच गुन्हा नाही, कोल्हापूरची शाखा असू शकते. पण जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यावरच भरा, मालकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या यूपीआयवर नको. परदेशी पॅकेजवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापून घेतलेला कर) म्हणून घेतलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा व्हायला हवी. काही महिन्यांनी आयकराच्या पोर्टलवर ती दिसली नाही तर एजंटाला जाब विचारा, ती त्यानं ठेवून घेतलेली असू शकते. सिंगापूरच्या आगमन कार्डासारखे सरकारी फॉर्म मोफत भरता येतात, त्याचे माणशी पैसे देऊ नका. सिंगापुरातून निघून सिंगापुरातच परतायचं असेल तर व्हिसावर एकाहून जास्त प्रवेश आहेत का तेही तपासा. जहाजावरची सेवा-रक्कम (कर्मचाऱ्यांची टिप) दर माणशी दर रात्री वेगळी लागते, ती पॅकेजमध्ये आहे का हे आधीच विचारा.

फसलाच असाल तर पहिल्या तासाला किंमत असते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. सीमाभागात यापुढं घोळ होतो. एजंट कोल्हापूरचा किंवा पणजीचा निघाला की इथलं ठाणं "तिकडे जा" म्हणतं आणि तिकडचं "इकडे जा". हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर नोंदवून घेणं ठाण्यावर बंधनकारक आहे, तसं लेखी मागा. आणि ग्राहक तक्रारीसाठी कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. तुम्ही एजंटाला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघा, काही एजंट तेवढ्यावर पैसे परत करतात.

आयोगासमोर टिकतो तो कागद. त्यामुळे पीडीएफ, पैसे भरल्याच्या नोंदी, एजंटाचे आवाजी निरोप काहीही पुसू नका. धक्क्यावर माणूस आला नाही तर त्याच क्षणी एजंटाला लेखी मेसेज करा, त्यात बंदराचं नाव आणि वेळ घाला, जागेचा फोटो जोडा. दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागले तर पावती घ्याच. पावती मिळत नसेल तर कार्डानं भरा, म्हणजे बँकेच्या पत्रकात नाव आणि रक्कम राहते.