वजनकाट्याच्या संगणकावर कस्टम कर्नेल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सावद्याहून रावेरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा वजनकाटा आहे. केळीची गाडी आधी रिकामी काट्यावर चढते, मग भरून. आतल्या खोलीतल्या संगणकावर वजन उमटतं, डॉट मॅट्रिक्सवर पावती निघते आणि संध्याकाळी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या लेझर प्रिंटरवर छापायच्या असतात. सगळं काम एका जुन्या संगणकावर चालतं: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालं होतं. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे आमच्या यंत्राला तो रस्ता बंदच. म्हणून २०२४ च्या दिवाळीत भाच्याने त्यावर डेबियन १२ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) टाकलं. तो जळगावला इंजिनिअरिंगला आहे. काट्याचं वजन वाचून पावती काढणारा छोटा पायथन प्रोग्रामही त्यानेच लिहिला.

डेबियन १२ सोबत ६.१ कर्नेल येतो. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा, यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला दुवा. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा अनुभव लिहायची वेळ आली नसती. पण संगणक जुना, त्यामुळे भाच्याच्या मनात आलं की नको असलेलं काढून टाकलेला, याच यंत्रासाठी स्रोतापासून (मूळ कोडपासून) बांधलेला कर्नेल घालावा. तेव्हा ६.११ ताजा होता. मी हो म्हणालो. नोव्हेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात आधी त्याने स्वतः बांधलेला, आणि मग एका स्वयंसेवी गटाने तयार करून दिलेला, असे दोन कस्टम कर्नेल आम्ही रोजच्या धंद्यात वापरले.

पहिल्याच आठवड्यात दणका बसला. भाऊबीज झाली, भाचा जळगावला परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर पहिली गाडी उभी राहिली. बाहेरच्या इंडिकेटरवर वजन बरोबर दिसत होतं, संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्य. काट्याची पडताळणी आणि शिक्का वैधमापन विभागाचा, त्यामुळे वजनाबद्दल शंका नव्हती. हाताने पावत्या लिहायला घेतल्या. मागे चार गाड्या थांबल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मामा, बंद करून चालू करा. मेनू दिसला की ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि ६.१ निवडा." तसं केलं आणि पुढच्या गाडीचं वजन लगेच आलं.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. कर्नेल बांधताना त्याने 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा दिली होती. त्या क्षणी संगणकात जे मॉड्यूल (उपकरणं चालवणाऱ्या ड्रायव्हरांसारखे कर्नेलचे सुटे भाग) चालू असतील तेवढेच ती ठेवते, बाकीचे गाळून टाकते. कर्नेल बांधला घरी, दिवाळीच्या सुट्टीत. काट्याची केबल तेव्हा काट्यापाशीच होती. इंडिकेटरमधून आरएस-२३२ ची नऊ पिनांची तार निघते आणि एका स्वस्त कन्व्हर्टरने ती यूएसबीला जोडलेली असते. त्या कन्व्हर्टरमधल्या चिपचा सीएच३४१ नावाचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत स्रोतातच, आहे, चांगला चालतो. पण केबल जोडलेली नसल्यामुळे तो गाळला गेला. यूएसबीच्या यादीत उपकरण दिसत होतं, पण त्याला धरणारं कोणी नव्हतं. त्याच झटक्यात मोबाईलवरून यूएसबीने इंटरनेट घ्यायचा ड्रायव्हरही गेला होता, त्यामुळे काही डाउनलोड करून दुरुस्त करायची सोयही उरली नव्हती. ही आज्ञा वापरायचीच असेल तर आधी दुकानातली प्रत्येक वस्तू, वर्षातून एकदाच लागणारी पेन ड्राइव्हसुद्धा, यंत्राला जोडा. ज्या जागेवर यंत्र रोज चालणार, तिथेच बसून कर्नेल बांधा.

प्रिंटरचं दुखणं वेगळं निघालं. लेझर प्रिंटरच्या कंपनीने दिलेला फिल्टर (मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) बारा वर्षांपूर्वीचा, ३२ बिटांचा. भाच्याने कर्नेलमधून ३२ बिटांचे प्रोग्राम चालवायची सोय बंद केली होती, कारण "आता कोण वापरतं". छपाई दरवेळी 'फिल्टर फेल' म्हणून थांबायची आणि छपाई सांभाळणाऱ्या कप्स या सेवेच्या नोंदीत 'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसायचा. सोय परत चालू करून कर्नेल पुन्हा बांधला आणि पट्ट्या छापल्या गेल्या.

हा किस्सा छोटा आहे, पण त्यातून मला एक गोष्ट नीट समजली आणि पुढच्या भांडणात ती कामी आली. बारा वर्षांपूर्वीचा फिल्टर त्यानंतरच्या प्रत्येक डेबियनवर जसाच्या तसा चालत आला. कारण लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांचा एक नियम आहे: कर्नेल बदलला म्हणून वापरकर्त्याचा प्रोग्राम मोडता कामा नये. कर्नेल आणि प्रोग्राम यांच्यामधलं दार वर्षानुवर्षं त्याच जागी असतं. दाराच्या आत मात्र तसं नाही. जुन्या वाड्यात गल्लीकडचा दरवाजा तोच राहतो, पण आत एखादी भिंत काढली जाते, माजघराच्या दोन खोल्या होतात. कर्नेलच्या आतली फंक्शनं अशीच बदलतात, नावं बदलतात, काढून टाकली जातात. याला कसलंही वचन नाही आणि ते मुद्दाम दिलेलं नाही. कर्नेल सांभाळणाऱ्यांपैकी एक प्रमुख, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी लिहिलेलं तसं टिपण कर्नेलच्या स्रोतासोबतच येतं. त्यातला सल्ला सरळ आहे: तुमचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये आणा, मग आतली भिंत हलवणारा माणूसच तुमचं सामानही हलवून देईल.

आमच्या वायफायचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये नव्हता, आणि खरी भानगड तिथेच झाली.

काट्यापासून घर दीडशे फुटांवर. राऊटर घरी, काट्यावरचा संगणक एका यूएसबी डोंगलवर. डोंगलच्या खोक्यावर 'लिनक्स सपोर्टेड' छापलेलं. प्रत्यक्षात कंपनीच्या साइटवर स्रोताची एक झिप फाइल होती, ५.४ कर्नेलपर्यंतची. भाच्याने कुणा स्वयंसेवकाने सुधारलेली प्रत घेऊन ती डीकेएमएसमध्ये बसवली. डीकेएमएसचं काम असं की नवा कर्नेल आला की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यासाठी आपोआप पुन्हा बांधायचा. डेबियनच्या ६.१ वर हे विनातक्रार चाललं.

जानेवारीत आम्ही तयार मिळणाऱ्या कस्टम कर्नेलवर गेलो, म्हणजे हाताने बांधायचा व्याप संपेल. पहिल्या रीबूटलाच 'बॅड शिम सिग्नेचर' आलं, कारण त्या कर्नेलवर डेबियनची सही नव्हती. सिक्युअर बूट, म्हणजे सहीशिवायचा कर्नेल अडवणारी सोय, बंद केलं. (ते बंद न करता स्वतःची किल्ली नोंदवून सही करता येते, आणि पैशाचे व्यवहार होणाऱ्या यंत्रावर तेच करावं.) मग वायफाय गायब. तो कर्नेल क्लँग या कंपायलरने (स्रोतापासून प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाने) बांधलेला होता आणि आमच्याकडे डीकेएमएस ड्रायव्हर जीसीसी या दुसऱ्या कंपायलरने बांधू पाहत होतं. कर्नेल ज्या कंपायलरने आणि ज्या पर्यायांनी बांधला, मॉड्यूलही त्यानेच बांधावं लागतं. क्लँग टाकला, बांधताना क्लँगच वापरायला सांगणारा 'एलएलव्हीएम=१' हा पर्याय दिला आणि काम झालं. पण कर्नेल देणाऱ्या गटाच्या सूचनांमध्ये याबद्दल एक ओळ नव्हती. भाच्याचे दोन शनिवार त्यात गेले.

जूनमध्ये कापणीची गर्दी, बाहेर ऊन आणि खोलीत पंख्याची गरम हवा. रात्री अद्ययावत केलेला कर्नेल ६.१५ चा होता. सकाळी वायफाय पुन्हा बंद. या वेळी कारण साधं होतं. 'डेल टायमर सिंक' हे फंक्शन ६.१५ मध्ये काढून टाकलं गेलं. त्याच्या जागी 'टायमर डिलीट सिंक' आलेलं होतं, तेही ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून. दोन वर्षांहून जास्त काळ दोन्ही नावं चालत होती. मूळ कर्नेलमधल्या सगळ्या ड्रायव्हरांत नाव बदललं गेलं, बाहेरच्यांचं त्यांच्या मालकांनी बदलायचं होतं.

भाच्याने डोंगलच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: आम्ही फक्त ५.४ वर तपासलं आहे, कस्टम कर्नेलला आमचा आधार नाही. कर्नेलच्या गटाचं उत्तर: बाहेरचे मॉड्यूल ही आमची जबाबदारी नाही, ड्रायव्हर देणाऱ्याला सांगा. मूळ कर्नेलच्या लोकांकडे जायची सोय नाही, कारण बाहेरचं मॉड्यूल चढलं की कर्नेल स्वतःवर 'टेंटेड' अशी खूण करून ठेवतो, आणि ते तुम्हाला आधी त्याशिवाय तीच चूक दाखवायला सांगतात. तिघांची उत्तरं नियमाला धरून होती. त्या दिवशी गाड्यांची वजनं व्यापाऱ्याच्या मोबाईलवर पाठवायची होती, आणि ती मी एकेक करून हाताने टाइप केली.

या भांडणात मी बाजू घेतो. आतली फंक्शनं बदलायचा कर्नेलवाल्यांचा हक्क मला मान्य आहे. तो नसता तर चाळीस वर्षांपूर्वीच्या चुका कायम वागवाव्या लागल्या असत्या, असं म्हणणार होतो, पण लिनक्स १९९१ चा आहे, तेव्हा तीसेक वर्षांपूर्वीच्या म्हणू. आतलं स्थिर ठेवता येतच नाही असंही नाही. रेड हॅट ही लिनक्स विकणारी कंपनी आपल्या एका आवृत्तीपुरती आतली निवडक नावं स्थिर ठेवते, आणि अँड्रॉइडने ५.१० कर्नेलपासून ड्रायव्हरांसाठी ठरलेला मॉड्यूल इंटरफेस आणला. मात्र तिथे पगार घेऊन ते सांभाळणारी माणसं आहेत. ते काम फुकट मागायचा अधिकार कुणालाच नाही. मालकी हक्काच्या, म्हणजे स्रोत बंद असलेल्या, ड्रायव्हरांबद्दलची कडक भूमिकाही मला पटते. २०२० साली ५.९ मध्ये कर्नेलने एक पळवाट बंद केली. फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या ड्रायव्हरांसाठी असलेली फंक्शनं मधल्या एका पातळ मॉड्यूलच्या आडून बंदिस्त ड्रायव्हर वापरत होते. ते थांबवणं योग्यच होतं. पण प्रत्येक वेळी निशाणा नीट लागतो असं नाही. ५.० मध्ये, २०१९ साली, एफपीयू (प्रोसेसरमधला अपूर्णांकांचं गणित करणारा भाग) वापरायची एक सोय बाहेरच्या मॉड्यूलांसाठी बंद झाली तेव्हा झेडएफएस फाइल सिस्टिमच्या वापरकर्त्यांचे हाल झाले. झेडएफएस बंदिस्त नाही, त्याचा स्रोत उघडा आहे, फक्त परवाना वेगळा. तिथे वापरकर्त्याचं काय होईल याचा विचार कमी पडला असं माझं मत आहे.

डोंगलच्या कंपनीचा मला खरा राग आहे. खोक्यावर लिनक्सचं नाव छापून पाच वर्षांपूर्वीची झिप फाइल ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं आहे. ड्रायव्हर एका नावाच्या बदलाने चालू झाला. भाच्याने जुनं नाव शोधून सगळीकडे नवं घातलं, दहा मिनिटांत. कंपनीला ते दोन वर्षांत जमलं नाही. आणि कस्टम कर्नेल वाटणाऱ्या गटाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की कंपायलर कोणता, कोणती सोय बंद केली आणि बाहेरचे ड्रायव्हर बांधायला लागणारं हेडरचं पॅकेज कुठे आहे, हे डाउनलोडच्या जागीच लिहावं. फुकट काम करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण दुसऱ्याच्या दुकानात जाणारी वस्तू देताना हे लिहिणं त्या कामातच येतं.

आता फायदा काय झाला ते. खरं सांगायचं तर थोडा. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडे ठेवून पावती काढताना कस्टम कर्नेलवर माऊस अडखळायचा कमी. पण जुलैमध्ये आम्ही डेबियनच्याच कर्नेलवर झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची राखीव जागा), आणि ६.१ मध्ये आलेली मल्टी-जेन एलआरयू (मेमरीतलं आधी काय बाहेर काढायचं ते ठरवणारी पद्धत) सुरू केली. त्यानंतर दोन्हींतला फरक मला ओळखता येईना. ४ जीबीच्या यंत्राचा त्रास मेमरीचा होता, शेड्यूलरचा, म्हणजे कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाचा, नव्हता. आवाजाचं रेकॉर्डिंग किंवा यंत्रनियंत्रण करणाऱ्याची गोष्ट वेगळी असेल. पण त्यांच्यासाठीही ६.१२ पासून रिअल-टाइमची (ठरल्या वेळेतच काम होण्याची) सोय मूळ कर्नेलमध्येच आली आहे.

काट्यावाल्यांना एक धोका मुद्दाम सांगतो, कारण केबलचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये असला तरी गोष्टी बिघडतात. उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा सीएच३४० चिपची (तोच सीएच३४१ ड्रायव्हर लागणारी) केबल ब्रेलचं यंत्र समजून स्वतःकडे ओढते. तुम्ही ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ते पॅकेज काढा. आणि विंडोजवर राहणाऱ्यांनी अशा केबलींच्या चिप बनवणाऱ्या एफटीडीआय या कंपनीची २०१४ ची गोष्ट लक्षात ठेवावी. त्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला होता आणि लोकांच्या केबली निकामी झाल्या होत्या. लिनक्सने पुढे तो शून्य क्रमांकही ओळखायला घेतला, त्यामुळे तशा केबली इथे चालतात. नकली माल विकणाऱ्याचा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, हा माझ्या दृष्टीने त्यातला धडा.

ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं, सोबत ६.१२. काट्यावरच्या संगणकावर आता तोच कर्नेल आहे, डेबियनच्या सहीचा, सिक्युअर बूट पुन्हा चालू. डोंगल बदललं. भुसावळच्या दुकानात भाच्याने खोक्याऐवजी चिपचं नाव विचारलं, आणि ज्याचा ड्रायव्हर 'एमटी७६' कित्येक वर्षांपासून मूळ कर्नेलमध्ये आहे असं मीडियाटेकच्या चिपचं डोंगल घेतलं. लावलं आणि लागलं, काही बांधावं लागलं नाही. लेझर प्रिंटर अजून जुनाच आहे, ३२ बिटांच्या फिल्टरवर. तो गेला की नवा घेताना कंपनीच्या फिल्टरची गरजच न पडणारा, आयपीपी या सर्वमान्य छपाई-पद्धतीवर चालणारा बघायचा असं ठरलंय. भाच्याने बांधलेला ६.११ बूट मेनूत अजून खाली आहे. त्याने मागच्या रविवारी येऊन त्यात सीएच३४१ घातला, आणि या वेळी काट्याशेजारी बसूनच, केबल जोडून बांधला.