ओल्ड गोव्याचा हेरिटेज वॉक, आणि वानारियोना

मागच्या रविवारी फोंड्याहून आम्ही चौघं गेलो होतो. सकाळी साडेसातला से कॅथेड्रलसमोर जमायचं, अडीच तास, माणशी पाचशे. गाइड गोंयकारच, मराठी एकदम मस्त.

ओल्ड गोव्याला मी शंभरदा गेलेय, पाहुणे आले की बॉम जेझुस दाखवायचं नि परत, पण ह्या वेळी कॅथेड्रलपाशीच जे कळलं ते डोक्यातून जातच नाहीये. आपले आर्चबिशप फेर्रांव १९९३ मध्ये आधी गोव्याचे सहायक बिशप म्हणून नेमले गेले ना, तेव्हा त्यांची पदवी होती वानारियोनाचे बिशप! वानारियोना म्हणजे उत्तर आफ्रिकेतला रोमन काळातला धर्मप्रांत, तो कधीच संपला, फक्त नाव जपून ठेवलंय. मी विचारलं, असं का? तर बिशप म्हटला की तो कुठल्यातरी जागेचा असायलाच लागतो, आणि गोव्याच्या गादीवर तर आर्चबिशप असतातच, मग सहायकांना, पोपच्या राजदूतांना अशा जुन्या जागा नावापुरत्या देतात. टिट्युलर म्हणतात त्याला, १८८२ पासून. फेर्रांव पुढे गोव्याचे आर्चबिशप झाले तेव्हा ते नाव सुटलं.

मला तर एकदम आपलं कुर्डी आठवलं. साळावली धरणात गाव गेलं, पण मोगूबाई कुर्डीकर म्हटलं की ते आहेच, नि उन्हाळ्यात पाणी उतरलं की माणसं अजून सोमेश्वराला जातात. गाइडना हे सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच झाले.

मग टेकडी चढून सेंट ऑगस्टीनचा बुरूज. ४६ मीटर उंच, सगळे चिरे, चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. ऑगस्टीन ३५४ मध्ये थागास्ते गावात जन्मला, आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास. तेही ह्याच टिट्युलर यादीत आहे, एके काळी तिथला बिशप होता ऑगस्टीनचा जिवलग मित्र अलिपियस. आणि बुरुजाजवळच सांता मोनिका कॉन्व्हेंट, मोनिका म्हणजे त्याची आई. एवढ्या लांबची आई नि मुलगा आपल्या ह्या टेकडीवर शेजारी शेजारी, मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

तक्रार एकच, ग्रुप वीस-बावीस जणांचा नि माइक नाही, मागच्यांना अर्धं ऐकूच येत नव्हतं, म्युझियमला पण शेवटी वीसच मिनिटं उरली. चढ आहे, पाणी न्या, आणि गाइडच्या अगदी जवळ उभे राहा. चार स्टार.