पराभवानंतर दुभंगलेला पक्ष: मनोमिलन की फूट?

विधानसभा हरली की तालुक्यातले दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याआधी फॉर्म 20, म्हणजे निवडणुकीचा अंतिम निकालपत्रक, काढावा. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. मागच्या वेळचे आकडे शेजारी मांडा. केंद्रं बदलली असतील तर गावनिहाय बेरीज करा. कोणत्या गावात आपल्याच माणसांनी हात आखडला, ते लगेच दिसतं.

मनोमिलनात चिन्ह आणि हक्काचा मतदार टिकतो. पण व्यासपीठावर हार घालून ते होत नसतं. खरा तंटा बाजार समिती, खरेदी-विक्री संघ आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटांचा. सर्कलवार, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघांनुसार, वाटप आधीच कागदावर आलं नाही, तर अर्ज मागे घेण्याची मुदत संपते, बंडखोर रिंगणात राहतो आणि मतं फुटतात.

फुटीनं नेतृत्वाचा निकाल लवकर लागतो, पण ती महाग पडते. 1977 च्या लोकसभेतल्या पराभवानंतर काँग्रेस जानेवारी 1978 मध्ये फुटली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र विधानसभेत जनता पक्षाला 99, रेड्डी काँग्रेसला 69, इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. मग दोन्ही काँग्रेसना एकत्रच सरकार करावं लागलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, भंडाऱ्याचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. कुरबुरी चालूच राहिल्या, जुलैत सरकार पडलं.

आज तर फूट आणखी महाग आहे. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला पक्षांतरबंदी कायद्यात मिळणारं संरक्षण 2003 च्या घटनादुरुस्तीनं गेलं. आता आमदारकी वाचवायला दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीनीकरण लागतं. गावचा कार्यकर्ता या कायद्याबाहेर असतो, म्हणून गळती तिथूनच सुरू होते. आमच्या मते आधी वाटपाचा कागद करावा, तोही निकालानंतरच्या पहिल्याच बैठकीत.