मधुमेह झाला म्हणून मटण सोडावे का? दोन कोल्हापुरी ताटांची तुलना

मधुमेहाचे निदान झाल्याचे कळले की कोल्हापुरातील बहुतेक घरांत पहिला घाव मटणावर पडतो. ‘आता बुधवार-रविवार बंद,’ असे कोणीतरी थोरले माणूस सांगून मोकळे होते. साबुदाणा, भात आणि गूळ यांच्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या बाबतीतही हेच झाले. मी मटण सोडले, वर्षभराने मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू केले, आणि या दोन्ही काळांत ग्लुकोमीटरवरच्या नोंदी वहीत लिहून ठेवल्या. पूर्ण शाकाहाराकडे वळावे की आहे तोच मिश्र आहार नीट करावा, अशा विचारात असलेल्यांसाठी ही तुलना आहे.

रविवारचे ताट आधी पाहू. सुके मटण, तांबडा, पांढरा, दोन चपात्या किंवा भाकरी आणि शेवटी भात, असा हा थाट असतो. मटणात कर्बोदके जवळजवळ नसतातच. १०० ग्रॅम कच्च्या मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे या जेवणानंतर वाढणारी साखर मुख्यतः भाकरीची आणि भाताची असते. रश्श्याचा दोष एवढाच की त्याच्या नादाने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला जातो. खरी अडचण निराळी आहे. मटणाची चरबी, पांढऱ्या रश्श्यातील नारळाचे दूध आणि तांबड्यावरचा तवंग यांतून संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) भरपूर पोटात जातो. तो दोन तासांनंतरच्या साखरेत दिसत नाही, कोलेस्टेरॉलच्या तपासणीत दिसतो. आणि मधुमेहात हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असल्याने तिकडे डोळेझाक करून चालत नाही.

आता शुक्रवारचे ताट. अंबाबाईचा वार म्हणून उपवास, आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, वर एक केळे. हे ताट शंभर टक्के शाकाहारी आहे आणि मधुमेहासाठी रविवारच्या ताटापेक्षा वाईट आहे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. माझ्या वहीत एका रविवारी मटण-भाकरीनंतर दोन तासांनी १६२ आणि त्याच आठवड्यातील शुक्रवारी एक बशी खिचडीनंतर २२८ अशी नोंद आहे. एका माणसाच्या दोन नोंदी म्हणजे शास्त्र नव्हे, पण ‘मटण सोडले की साखर उतरते’ या समजुतीवरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

शाकाहाराची खरी परीक्षा मात्र खिचडीवर घेणे अन्यायाचे होईल. मोडाच्या मटकीची उसळ, झुणका, मेथीची भाजी, कच्चा कांदा, ताक आणि एक भाकरी हे ताट मांडले तर चित्र पालटते. कडधान्यांत प्रथिनांबरोबर तंतुमय भाग येतो, त्यामुळे पिष्टाचे पचन सावकाश होते आणि साखर एकदम उसळी मारत नाही. तरीही दोन हिशेब आधी करून ठेवावेत. पहिला असा की डाळी-कडधान्ये म्हणजे निव्वळ प्रथिने नव्हेत. कोरड्या डाळीत वजनाच्या निम्म्याहून अधिक कर्बोदके असतात. १०० ग्रॅम मटणाची प्रथिने भरून काढायला घट्ट डाळीच्या तीन-एक वाट्या लागतात, आणि आपल्याकडची पातळ आमटी तर त्यात मोजूच नये. म्हणून पनीर, दही, सोयाबीन आणि चालत असतील तर अंडी यांची जोड हवी. दुसरा हिशेब भाकरीचा. जोंधळ्याची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी बरी, पण साठेक ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतातच. ‘भाकरी कितीही चालते’ हे खरे नाही.

गुळाबद्दल लिहिताना कोल्हापूरकर म्हणून हात जरा अडखळतो. आपला गूळ कितीही नावाजलेला असला, तरी रक्तातील साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत धरण्याजोगा फरक नाही. चहात साखरेऐवजी गूळ घालून समाधान मानणारे लोक माझ्या गल्लीतच निम्मे आहेत. दूधकट्ट्यावर मिळणारे म्हशीचे धारोष्ण दूध साखरेशिवाय पेलाभर घेतले तर कर्बोदकांच्या हिशेबात बसते, पण स्निग्धांशाच्या बाबतीत ते मटणाचेच भावंड आहे. मटण सोडून दूध, तूप, पनीर दुप्पट करणाऱ्याने हृदयाच्या बाजूने फारसे काही कमावलेले नसते.

अभ्यासांचा कौल शाकाहाराकडे झुकतो, परंतु तो नीट वाचला पाहिजे. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या ९९ जणांना २२ आठवडे दोन वेगवेगळे आहार देण्यात आले. ज्यांची औषधे मध्ये बदलली नाहीत, त्यांचे एचबीएवनसी (रक्तातील साखरेची काही महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) कमी स्निग्धांशाच्या पूर्ण वनस्पतिजन्य आहाराने १.२३ अंकांनी, तर प्रचलित मधुमेही आहाराने ०.३८ अंकांनी उतरले. त्या आहारात दूध नव्हते, तूप नव्हते आणि तेल अगदी बेताचे होते, हे विसरून त्याचे श्रेय आपल्या कटवड्याला देता येत नाही. २०२४ मध्ये २० देशांतील सुमारे १९ लाख ७० हजार प्रौढांच्या माहितीवरून असे दिसले की रोज १०० ग्रॅम लाल मांस खाण्याचा संबंध मधुमेह होण्याच्या दहा टक्के जास्त धोक्याशी आहे. हा आकडा मधुमेह होण्याचा आहे, झालेला आटोक्यात ठेवण्याचा नव्हे. शिवाय आठवड्यातून दोनदा दोनशे ग्रॅम खाणाऱ्याची रोजची सरासरी साठ ग्रॅमच्या आतच राहते.

शाकाहार निवडणाऱ्याने ज्याकडे कधीही दुर्लक्ष करू नये, ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींतून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडे मिळते, आणि मधुमेहात सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण कमी होते. शाकाहार आणि मेटफॉर्मिन एकत्र आले की कमतरतेची शक्यता दोन्ही बाजूंनी वाढते. तिची लक्षणे, म्हणजे तळपायांना मुंग्या आणि बधिरपणा, मधुमेहाने नसा खराब झाल्यावर होणाऱ्या त्रासासारखीच असल्याने खरे कारण वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. माझ्या पायांच्या मुंग्या एका दवाखान्यात ‘शुगरमुळेच’ म्हणून दीड वर्ष निकालात काढल्या गेल्या; बी-१२ तपासायचे कोणाला सुचले नाही, आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने आहार अचानक बदलू नये, कारण कर्बोदके कमी झाली आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडांवर परिणाम झाला असल्यास डाळींचे आणि सोयाबीनचे प्रमाणही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

माझे मत विचाराल तर कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, वजन जास्त असेल आणि घरात रोज उसळ शिजण्याची सोय असेल, तर शाकाहाराची बाजू जड आहे. घरी रोजच पातळ आमटी-भात होत असेल, तर मटण सोडण्याआधी भात आवरावा; आठवड्यातून एकदा बिनचरबीचे सुके मटण, एक भाकरी आणि वाटीभर कोशिंबीर हे त्या शाकाहारापेक्षा उजवे ठरेल. दोन्ही पर्यायांत नेमके काय जुळते ते पाहायला आपले पंचांग सोयीचे आहे. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आणि श्रावणात तर बहुतेक घरांत मटण बंदच असते. आषाढातील त्र्यंबोलीची जत्रा झाली की रक्त तपासून घ्यावे, श्रावण, भाद्रपद आणि आश्विन हे तिन्ही महिने साबुदाणा टाळून कडधान्यांवर काढावेत, आणि दुसरी तपासणी दिवाळीच्या फराळाचा डबा उघडण्याआधी करावी.