'लातूर' शोधलं तर 'लातूरला' सापडत नाही: ऑफिसच्या मेलसाठी जीमेल, आउटलूक की थंडरबर्ड?

लातूरची डाळ मिल घ्या, जालन्यातला बियाण्यांचा वितरक घ्या किंवा वाळूजमधलं पंधरा माणसांचं वर्कशॉप घ्या, ऑफिस साधारण सारखंच असतं. दोन-तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एकच मेल आयडी आणि तो उघडणारे तिघेजण. पत्रं मराठी-इंग्रजी मिसळून येतात: दरपत्रकं, वजनकाट्याच्या पावत्या, बँकेची पत्रं, सीएकडचे तक्ते. अशा ऑफिसपुढे खरे पर्याय तीन. ब्राउझरमधलं जीमेल, कॉम्प्युटरवरचं जुनं आउटलूक आणि फुकट मिळणारं थंडरबर्ड. तिन्ही मेल पाठवतात, तिन्ही आणतात, त्यावर वेळ घालवत नाही. फरक कळतो तो दोन वर्षांपूर्वीचं पत्र अर्ध्या मिनिटात काढायची वेळ आली की.

जीमेलचा मोठा गुण म्हणजे ते कुठूनही उघडतं आणि वीज गेली तरी त्यातलं काही बिघडत नाही. जोडलेल्या पीडीएफच्या आतला मजकूरही ते शोधतं, हे भारीच आहे. शोधचौकटीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर दाबलं की आकार, तारीख आणि 'अटॅचमेंट आहे' असे रकाने उघडतात. १० एमबीपेक्षा मोठी पत्रं तिथून वेगळी काढता येतात. हे दर सहा महिन्यांनी करावंच लागतं, कारण फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. ऑफिसच्या आयडीवर कोणाच्या तरी मोबाइलचे फोटो चढत असतील तर जागा तिथेच संपते, आणि जागा भरली की नवी पत्रं येणंच थांबतं. आधी ते फोटो बंद करा.

आता ज्या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला, ती सांगतो. जीमेल शोधताना अख्खा शब्द जुळवतं, शब्दाचा तुकडा नाही. इंग्रजीत याने फारसं अडत नाही. मराठीत मात्र विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटून येतो. विषयाच्या ओळीत 'लातूरला पाठवलेल्या मालाबाबत' असं असेल आणि तुम्ही 'लातूर' टाकलं, तर ते पत्र यादीत येत नाही. 'लातूरचा', 'लातूरच्या', 'लातूरहून', 'लातूरसाठी' हे जीमेलच्या लेखी सगळे वेगवेगळे शब्द. शिवाय मराठीत मूळ शब्दच रूप बदलतो: जालना, पण जालन्याचा; बियाणं, पण बियाण्याची. पत्र आलेलं असतं, जागच्या जागी असतं, आणि आपण समोरच्या पार्टीला 'तुमचं पत्र मिळालंच नाही' असं कळवून मोकळे होतो. यावर जीमेलमध्ये उपाय आहेत. सगळी रूपं मधे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'OR' (किंवा) घालून लिहायची, किंवा शब्द सोडून पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शोधायचं. पण घाईत असलेला माणूस नऊ रूपं टाइप करत बसत नाही, आणि फिल्टर बनवतानाही तीच अडचण पुन्हा आडवी येते.

थंडरबर्डमधला क्विक फिल्टर अक्षरांचा तुकडा जुळवतो. कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबलं की यादीच्या वर पट्टी येते. तिथे 'लातूर' टाकलं की 'लातूरला' आणि 'लातूरच्या' दोन्ही समोर. रूप बदलणाऱ्या शब्दांसाठी न बदलणारा भाग टाकायचा: 'जालन' टाकलं की जालना आणि जालन्याचा दोन्ही मिळतात, 'बियाण' टाकलं की बियाण्याची सगळी रूपं. हरभऱ्यासाठी मात्र 'हरभ' एवढंच टाका. 'हरभऱ्याचा' मधला ऱ हे कॉम्प्युटरच्या दृष्टीने र पेक्षा वेगळं अक्षर आहे, म्हणून 'हरभर' टाकल्यावर तो निसटतो. नुसतं कंट्रोल आणि के दाबून होणारा मोठा शोध वेगळा, तो शब्दावर चालतो, त्याची गल्लत करू नका. क्विक फिल्टर एका वेळी समोर उघडलेल्या फोल्डरमध्येच शोधतो, ही त्याची मर्यादा. त्यावर 'सेव्ह्ड सर्च' नावाचं फोल्डर बनवता येतं. नवीन फोल्डरच्या मेनूतून ते निवडायचं, कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचं त्यांवर टिक करायचं, आणि 'यांपैकी कोणतीही अट जुळली तरी चालेल' असं सांगून अटी लिहायच्या. आपल्या भागात याचा एक उपयोग फार आहे. २०२३ पासून पत्रांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव येतं, त्याआधीच्या पत्रांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद. 'संभाजीनगर' आणि 'औरंगाबाद' या दोन अटींचं एक फोल्डर केलं की जुना-नवा सगळा पत्रव्यवहार एका जागी दिसत राहतो, आणि नवीन पत्र आपोआप त्यात येतं.

आउटलूक या शोधात मधे बसतं. ते शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतं, म्हणजे 'लातूर' वरून 'लातूरला' सापडू शकतं. कॅलेंडर, मीटिंगची आमंत्रणं आणि एक्सेलशी जोडणी यांत ते उजवं आहे, हे मान्य करायला हवं. मोठ्या कंपनीचे पुरवठादार असाल आणि त्यांच्या मीटिंगा आउटलूकवरूनच ठरत असतील तर हे पारडं बरंच जड होतं. अडचण आहे ती पीएसटी फाइलची. सगळी पत्रं, सगळ्या जोडण्या एकाच फाइलमध्ये. २०१० नंतरच्या आवृत्त्यांत ती ५० जीबीपर्यंत वाढू देतात, आणि ऑफिसवाले ती वाढू देतातच. मग उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, यूपीएसची बॅटरी तीन वर्षं जुनी असते, कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. पुढच्या वेळी आउटलूक सांगतं की डेटा फाइल नीट बंद झाली नव्हती, तपासणी चालू आहे. १८ जीबीच्या फाइलची तपासणी म्हणजे सकाळचा कामाचा वेळ गेला. बिघाड जास्त असेल तर आउटलूकसोबत येणारं 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन चालवायचं, पण आधी फाइलची प्रत काढून. दुरुस्तीत काही पत्रं हरवलेल्या वस्तूंच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात, तिथेही बघावं लागतं.

बॅकअपचं दुखणं याच फाइलमुळे. एक पत्र जरी आलं तरी पूर्ण फाइल बदलली असं धरून पूर्ण फाइलच पुन्हा कॉपी करावी लागते, आणि आउटलूक उघडं असताना ती कॉपी होत नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसतच नाही. पेनड्राइव्हवर ३० जीबी रिकामी दिसत असताना 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो आणि माणूस गोंधळतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला की हे सुटतं. पीएसटी फाइल लॅनवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवून दोघांनी वापरायचा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो, तो करू नये. मायक्रोसॉफ्ट स्वतःच नेटवर्कवरची पीएसटी वापरू नका म्हणतं, आणि फाइल बिघडण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

विंडोजसोबत येणारं नवीन आउटलूक ही वेगळीच वस्तू आहे. दुसऱ्या कंपनीचं मेल खातं त्यात जोडलं तर त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून फिरते. ग्राहकांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कर सल्लागाराने हे माहीत असूनच ते निवडावं. जुन्या आउटलूकला निदान २०२९ पर्यंत आधार राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, त्यामुळे उद्याच पळापळ करायची गरज नाही.

थंडरबर्डही निर्दोष नाही. तेही पत्रं फाइलमध्येच ठेवतं, पण दर फोल्डरला एक फाइल, आणि ती साध्या मजकुराची. वीज गेली तर बहुतेक वेळा सोबतची छोटी अनुक्रमाची फाइल बिघडते. फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर', झालं. खोडलेली पत्रं फाइलमधून लगेच जात नाहीत, त्यासाठी 'कॉम्पॅक्ट' करावं लागतं. ते चालू असताना कॉम्प्युटर बंद करू नये, म्हणून वीज आणि यूपीएस दोन्ही धड असतानाच ते करा. सर्वांत मोठा धोका अँटिव्हायरसचा. इनबॉक्समधल्या एका घाणेरड्या पत्रावरून तो कधी कधी अख्खी इनबॉक्स फाइल उचलून बाजूला टाकतो. अँटिव्हायरसमध्ये थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर, म्हणजे पत्रं आणि सेटिंग जिथे साठतात ते, वगळून ठेवा. ते कुठे आहे हे हेल्पच्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' मध्ये दिसतं, आणि बॅकअपही त्याच फोल्डरचा घ्यायचा, थंडरबर्ड बंद करून.

म्हणून माझा कल असा: खातं जीमेलचंच राहू द्यावं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते थंडरबर्डमधून आयमॅप पद्धतीने उघडावं, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि सगळ्या कॉम्प्युटरवर तीच दिसतात. पॉप पद्धत नको. पॉपमध्ये पत्रं एका कॉम्प्युटरवर उतरतात आणि ठरलेले दिवस, बहुधा १४, संपले की सर्व्हरवरून पुसली जाऊ शकतात. मग दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला ती दिसत नाहीत. आयमॅप लावल्यावर पहिलं काम म्हणजे 'सबस्क्राइब' मध्ये जाऊन 'ऑल मेल' वरची खूण काढणं. जीमेलची लेबलं थंडरबर्डला फोल्डर म्हणून दिसतात. दोन लेबलं असलेलं पत्र दोनदा उतरतं आणि 'ऑल मेल' मुळे तिसऱ्यांदा. पहिली उतरवणी दमाने होऊ द्या. जीमेल आयमॅपवरून दिवसाला साधारण अडीच जीबीच देतं, त्यापुढे खातं काही तास अडवतं. १२ जीबीचं खातं असेल तर पाच दिवस धरा.

वर्ष संपलं की त्या आर्थिक वर्षाची पत्रं 'लोकल फोल्डर्स' (फक्त कॉम्प्युटरवर राहणारे फोल्डर) खाली '२४-२५' अशा फोल्डरमध्ये घ्यावीत. हलवू नका, आधी कॉपी करा, दोन्हीकडची संख्या जुळवा, मगच सर्व्हरवरची काढा. वर्षागणिक फाइल वेगळी राहिल्याने ती बहुधा ४ जीबीच्या आत राहते, आणि जुन्या वर्षांचा बॅकअप एकदाच घेऊन भागतं. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावं लागतं. २०२३-२४ ची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाची खरेदी-विक्रीची पत्रं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवीत. तोवर कॉम्प्युटर दोनदा तरी बदललेला असेल. साध्या मजकुराची फाइल तेव्हाही उघडेल, याचा मला भरवसा वाटतो.

जोडलेल्या कागदांचं थोडक्यात. थंडरबर्डमध्ये 'सेव्ह' आणि 'डिटॅच' शेजारी शेजारी असतात. 'डिटॅच' केलं तर जोडणी मूळ पत्रातून निघून जाते, आयमॅपवर तर सर्व्हरवरूनही. नेहमी 'सेव्ह' च करा. मेलमधूनच उघडलेली एक्सेल फाइल तिथेच बदलू नका. ती तात्पुरत्या फोल्डरमधली प्रत असते, दुपारभर केलेलं काम संध्याकाळी सापडत नाही. जीमेलमध्ये हा धोका कमी, पण डाउनलोड फोल्डरात 'दरपत्रक (१)' ते 'दरपत्रक (७)' अशी रांग लागते आणि शेवटचं कोणतं ते कळत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस इंग्रजी आकड्यांत घाला, पुढे पार्टीचं नाव आणि दोन शब्दांत विषय. तारखेप्रमाणे क्रम आपोआप लागतो. फोल्डरात फोल्डर घालत गेलात तर विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येते आणि फाइल कॉपी व्हायला नकार देते. वर्ष, पार्टी, फाइल, एवढेच तीन थर पुरेत. महत्त्वाचा करार किंवा तक्रार असेल तर पत्राची प्रिंट काढून थांबू नका, पूर्ण पत्रच ईएमएल फाइल म्हणून जतन करा. त्यात पाठवणाऱ्याच्या सर्व्हरपासूनचा प्रवास नोंदलेला असतो, तो कागदावर उतरत नाही. आउटलूक मात्र एमएसजी प्रकारात जतन करतं, आणि ती फाइल आउटलूकशिवाय धड उघडत नाही. डिजिटल सहीचं पीडीएफ पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की सही जाते, चित्र तेवढं उरतं.

कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमधली जुनी पत्रं या तिघांपैकी कोणालाच शोधता येत नाहीत, कारण आतली अक्षरं मराठी नसतातच. रोज लागणारे नमुने तेवढे युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, करून घ्या. जुनं सगळं बदलण्यात महिना जाईल, त्याची गरज नाही.

ज्यांचं सगळं काम मोबाइलवरूनच चालतं, कॉम्प्युटर फक्त टॅलीपुरता आहे, त्यांनी नुसतं जीमेल ठेवलं तरी चालेल. फक्त पाठवणाऱ्यांना विषयाच्या ओळीत बिल नंबर लिहायला सांगा, आकड्याला प्रत्यय लागत नाही. आउटलूकवरून थंडरबर्डवर यायचं असेल तर तेच आयमॅप खातं आउटलूकमध्ये जोडा, पीएसटीमधले फोल्डर पाचशे-पाचशे पत्रांच्या टप्प्याने त्यात ओढा, आणि थंडरबर्डला तिथून उचलू द्या. पीएसटी फाइल वर्षभर पुसू नका. सुरुवात महिन्याच्या २१ तारखेनंतर करा: जीएसटी दरमहा भरत असाल तर ११ तारखेचं विक्रीचं विवरणपत्र आणि २० तारखेचं थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचं विवरणपत्र, दोन्ही तोवर भरून झालेली असतात.