लॉन्गआर्मवाल्या बाईंकडे दिलेली गोधडी, पाचपैकी पावणेचार

आधीच सांगते, नाव देणार नाहीये. बाई घराच्या बेसमेंटमध्ये लॉन्गआर्म नावाच्या मोठ्या मशीनवर लोकांच्या गोधड्या शिवून देतात, ना पाटी ना वेबसाइट, आणि मी विचारलं तर म्हणाल्या आहे तेच काम उरकत नाही, आणखी माणसं पाठवू नकोस. तेव्हा हा रिव्ह्यू त्या बाईंचा कमी आणि "टॉप आपण शिवायचा, क्विल्टिंग दुसऱ्याकडून करून घ्यायचं" या प्रकाराचा जास्त. मिशिगनच्या थंडीत बसून मी हे पहिल्यांदाच केलं, आणि त्यात जुनी साडी घातली, म्हणून लिहितेय. माझ्यासारखी साडीची हौस इथे बऱ्याच जणींना असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्विल्ट म्हणजे तीन थर, वर तुकडे जोडलेला टॉप, मध्ये बॅटिंग म्हणजे कापसासारखा ऊबेचा थर, खाली बॅकिंग म्हणजे अस्तर, आणि तिन्ही धरून ठेवणारे टाके. आपली गोधडीच की, फक्त आपण मध्ये बॅटिंगऐवजी जुनी लुगडी-धोतरं घालतो आणि धावदोरा हाताने घालतो. घरच्या मशीनच्या हाताखाली जेमतेम सात-आठ इंच जागा असते आणि त्यातून 60 इंचाची वळकटी सरकवत टाके घालायचे. मी एकदा केलंय, लहान मुलाच्या दुपट्याएवढंच होतं तरी खांदा आठवडाभर धरला होता. लॉन्गआर्ममध्ये उलटं असतं, कापड लांबलचक टेबलावर रोलरला गुंडाळून ताणलेलं असतं आणि मशीनचं डोकं रुळांवर फिरतं. डिझाइन कॉम्प्युटरवर लावलं की पहिल्या काठापासून शेवटच्या काठापर्यंत ते आपलं आपण शिवत जातं, बाई नुसत्या चष्मा लावून दोरा तुटतोय का बघतात.

माझा टॉप लॉग केबिन नावाच्या नमुन्याचा. मधला चौकोन लाल ठेवायचा, तो म्हणजे घरातली चूल असं इकडे म्हणतात, आणि त्याच्याभोवती पट्ट्यांची भिंत रचत जायची, एका बाजूला फिकट रंग दुसऱ्या बाजूला गडद. दहा इंचाचा एक ब्लॉक, त्यात 17 तुकडे, आणि ब्लॉक 42. म्हणजे 714 तुकडे, हे मी आधी मोजलं असतं तर सुरूच केलं नसतं. शिवण पाव इंचाची म्हणजे पाव इंचाचीच हवी, दोऱ्याभर जाड पडत गेली की ब्लॉकच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत अर्धा इंच कुठे गेला कळत नाही. पहिले पाच ब्लॉक मी तसे घालवले आणि उसवून पुन्हा शिवले. कटिंग रोटरी कटरने. ती पिझ्झा कापायच्या चाकासारखी चीज 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने काढली, आणि आजीने ती बघितली असती तर कात्री फेकून दिली असती, किंवा बोट कापेल म्हणून मला तरी हाकललं असतं.

बरंचसं कापड गेल्या वर्षीचं. जोअ‍ॅन हे कापडाचं दुकान बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा सगळ्या बायका जशा धावल्या तशी मीही धावले. 1943 मध्ये क्लीव्हलंडला सुरू झालेलं दुकान, 2025 च्या मे अखेरीस शेवटच्या शाखाही बंद. सेलच्या नादात असले रंग उचललेत की अजून कपाट उघडलं की हसू येतं. बाकी लाल आणि गडद पट्ट्या आईने दिवाळीला येताना आणलेल्या साड्यांच्या, आणि बॅकिंगला आजीची सुती नऊवारी. हिरवी, काठ मरून लाल, मधे मधे इतकी विरलेली की हात खाली धरला तर बोटं दिसतात. इथेच माझं चुकलं, पण ते पुढे.

संक्रांत झाली आणि 17 जानेवारीला मी टॉप देऊन आले. बाहेर मायनस 4, फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात मायनस 20. ड्राइव्हवेवरून बेसमेंटच्या दारापर्यंत जाईस्तोवर नाकातलं पाणी गोठलं. आत मात्र गरम आणि दोऱ्याच्या कोनांची अख्खी भिंत. बाई सत्तरीच्या, बोलतात कमी. टॉप टेबलावर पसरला, हाताने सपाट केला, दोन ठिकाणी शिवण उसवलेली होती ती न बोलता टाचणी लावून दाखवली. दर चौरस इंचाला अडीच सेंट. माझा टॉप 60 बाय 70, म्हणजे 4200 चौरस इंच, म्हणजे 105 डॉलर. बॅटिंग त्यांच्याकडचंच घेतलं, 80 टक्के कॉटन 20 टक्के पॉलिएस्टरचं, त्याचे 30, दोऱ्याचे 6. एकूण 141. महाग वाटतं ना, मलाही वाटलं, नवरा म्हणाला एवढ्यात दोन विकत येतील. विकत येतीलही, पण त्यात आजीची साडी असेल का, असं विचारल्यावर गप्प बसला.

डिझाइन निवडायला मोठी फाइल. मी बॅप्टिस्ट फॅन घेतलं, कमानीत कमान कमानीत कमान, शिंपल्यासारखं. सुंदर दिसतं पण दाट आहे, आणि टाके जितके दाट तितकी क्विल्ट कडक. गोधडीचा तो मऊ, अंगावर ओघळणारा पोत हवा असेल तर मोकळं डिझाइन घ्या. हे मला कोणी सांगितलं नाही, बाईंनी विचारलंसुद्धा नाही की कशासाठी वापरणार, पांघरायची की भिंतीला लावायची. अर्धा स्टार इथे गेला.

सहा आठवडे म्हणाल्या होत्या.

आता हे सहा आठवडे म्हणजे इथला सगळ्यात कंटाळवाणा काळ. परसात बघण्यासारखं काय, तर पक्ष्यांचा फीडर. सूर्यफुलाच्या काळ्या बिया भरायच्या आणि किचनच्या खिडकीत चहा घेऊन उभं राहायचं. कार्डिनलची जोडी सकाळी पहिली येते आणि संध्याकाळी शेवटची जाते, नर इतका लाल की बर्फावर कोणी कुंकू सांडल्यासारखा. खाली जमिनीवर जुन्को, राखाडी पाठ पांढरं पोट, सांडलेलं टिपत असतात. चिकडी येते, एकच बी उचलते आणि झाडावर जाऊन पायात धरून फोडते, एकदम शिस्तीचं काम. आणि खार, तिच्याबद्दल बोलायलाच नको, फीडरच्या खांबाला मी तेल लावून पाहिलं, तीन दिवस टिकलं. आत कढीपत्ता ग्रो लाइटखाली उभा आहे, ऑक्टोबरमध्येच आत आणला, पानं गळून काडी झालीये, पण खोड नखाने खरवडलं तर हिरवं लागतं म्हणून टाकवत नाही.

फेब्रुवारी संपताना शेजारच्या आजोबांनी मेपलला बादल्या लावल्या. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, तेव्हाच रस चढउतर होतो, तेवढाच तो हंगाम. रस चाखलात तर नुसतं पाणी, किंचित गोड. 40 गॅलन आटवून 1 गॅलन सिरप. ते परसात विटांची चूल मांडून दिवसभर लाकडं घालत बसतात, आणि वारा आमच्याकडे असला की काकवीचा वास येतो, अगदी गुऱ्हाळावर उभं राहिल्यासारखं. मी वाटीभर शेंगदाणे घेऊन कुंपणापाशी गेले, बाटलीभर सिरप घेऊन आले.

सहा आठवडे झाले, फोन नाही. मेसेज केला, उत्तर आलं "लवकरच". घड्याळं एक तास पुढे गेली, डेकवरचा बर्फ रेलिंगच्या सावलीत तेवढा उरला, मागच्या बाजूला चिखलच चिखल, ऑक्टोबरमध्ये लावलेल्या लसणाचे कोंब गवताखालून वर आले, आणि ट्युलिपनेही नाक बाहेर काढलं ते हरणांनी दुसऱ्या दिवशी खाल्लं. शेवटी 14 मार्चला, म्हणजे आठ आठवड्यांनी, ये म्हणाल्या. उशिराचं कारण आत गेल्यावर कळलं.

बॅकिंग रोलरवर चढवताना दोन्ही बाजूंनी चिमटे लावून ताणतात. त्यासाठीच टॉपपेक्षा चारही बाजूंना चार-चार इंच जास्त कापड मागतात, माझं 68 बाय 78 होतं. विरलेल्या नऊवारीने तो ताण सोसला नाही, एका चिमट्यापाशी तीन इंच टरकली. नशीब की ते जादाच्या कापडात होतं, नंतर कापूनच जाणार होतं. पण त्या धास्तीने बाईंनी ताण सैल सोडला, मग उजव्या कोपऱ्यात अस्तराला दोन चुण्या बसल्या आणि कमानीच्या वळणावर खालून दोऱ्याची बारीक बारीक फासकी ओढली गेली, ओळीने, पापण्यांसारखी. ह्याला इकडे खरंच पापण्याच म्हणतात. एक अख्खी ओळ त्यांनी हाताने उसवून पुन्हा शिवली, त्यात दोन दिवस गेले म्हणाल्या, वर स्वतःहून 15 डॉलर कमी केले. चुण्या मात्र आहेत, मी रोज बघते.

आता राग कोणावर धरायचा? मी त्यांना "जुनी सुती साडी" एवढंच सांगितलं होतं. पण टॉपची उसवलेली शिवण ज्यांना पाच सेकंदात दिसली त्यांना अस्तर उजेडात धरून बघता आलं असतं. "हे विरलंय, ह्याला मागून पातळ अस्तर इस्त्रीने चिकटवून आण" एवढं एक वाक्य हवं होतं. एक स्टार तिथेच कापला. आणि एक मी माझ्या स्वतःच्या खात्यातून कापते, तो ह्या हिशोबात नाही, कारण आजीची साडी पहिल्याच प्रयोगाला वापरायला मला कोणी सांगितलं होतं. उत्तर कर्नाटकात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी करतात, जुन्या कपड्यांचे तुकडे, काठापासून सुरू करून गोल गोल आत यायचं, कोपऱ्यांना घडी घातलेली फुलं लावायची, सगळं मांडीवर घेऊन हाताने. विरलेलं कापड हाताला कळतं, कुठे ओढायचं आणि कुठे सोडायचं. रोलरला कसं कळणार.

वरची बाजू मात्र, खोटं कशाला बोलू, बघत राहावं अशी झालीये. टाका एकसारखा, कमानी काठापर्यंत मोजून बसलेल्या, लाल चौकोनांवरून गेलेला दोरा मी निवडलेल्या हळदी रंगाचा आणि तो रंग उठूनही दिसत नाही, बुडतही नाही. माझ्या 42 ब्लॉकपैकी निदान सहा वाकडे होते, ते क्विल्टिंगमध्ये असे काही जिरलेत की आता शोधावे लागतात.

बाइंडिंग, म्हणजे आपला गोट, त्या लावत नाहीत. कडा सरळ कापून देतात, पुढचं तुमचं. परीघ 260 इंच, अडीच इंचाच्या सात पट्ट्या, अर्धा यार्ड कापडात होतात. पुढून मशीनने, मागून हाताने तुरपाई. हे काम मला सगळ्यात आवडलं, खिडकीपाशी मांडीवर घेऊन बसायचं, पाय ऊबेत, नजर बाहेर. एका संध्याकाळी एक बाजू व्हायची. पाडवा 19 मार्चला होता, तोवर पुरं करायचं ठरवलं होतं पण दीड बाजू राहिलीच. गुढी डेकवर उभारली, कडुनिंबाऐवजी कढीपत्त्याची उरलेली चार पानं लावली, खाली कडेला बर्फाचा काळपट ढीग. पंचांगात वसंत सुरू झाला होता, बाहेर 38 डिग्री फॅरनहाइट.

पुढच्या आठवड्यात पहिला वॉश, गार पाणी, आणि साडीचा लाल उतरेल म्हणून कलर कॅचरचे तीन कागद. तिन्ही गुलाबी होऊन निघाले, म्हणजे घातले ते बरंच केलं. कॉटन बॅटिंग थोडं आकसलं आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या आल्या, कडकपणाही निम्मा गेला, आणि गंमत म्हणजे त्या सुरकुत्यांमध्ये कोपऱ्यातल्या चुण्या बऱ्याच लपल्या. मला दिसतात, बाकी कोणाला दिसत नाहीत. तेव्हा आधी साडेतीन देणार होते ते पावणेचार केले.

तर, दुकानातलं नवं क्विल्टिंग कॉटन असेल, टॉप तयार होऊन कपाटात पडला असेल, तर डोळे झाकून द्या, पैसे वसूल. साडी असेल तर आधी उजेडात धरा, बोटं दिसली तर मागून अस्तर चिकटवा नाहीतर हाताने धावदोरा घाला, हिवाळा काय पाच महिने असतोच. त्यांनी सांगितलेल्या तारखेत दोन आठवडे मनातल्या मनात मिळवा. एप्रिलच्या शेवटी काम बंद असतं, केंटकीत पडुका म्हणून गाव आहे तिथे क्विल्टचं मोठं म्युझियम आहे आणि त्या आठवड्यात गावभर क्विल्टवाल्यांची जत्रा, बाई दरवर्षी जातात. माझा दुसरा टॉप, पूर्ण नव्या कॉटनचा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात द्यायचाय.

कापलेल्या कडांची पिशवी त्यांनी न मागता परत दिली, त्यात तो टरकलेला तुकडाही होता. पक्ष्यांना घरट्यासाठी दोरे ठेवू म्हणून मुलगी निघाली होती, तिला थांबवलं, पायात अडकतात त्यांच्या. नऊवारीच्या कडांच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून ठेवल्यात. टोमॅटोची रोपं खिडकीत दोन पानांवर आलीत, मेच्या मध्यापर्यंत पहाटेच्या दवाचा बर्फ होऊ शकतो, त्यानंतर बाहेर लावली की काठीला बांधायला तेवढं मऊ दुसरं काही सापडणार नाही.