हल्क होगनचे दोन क्षण : १९८७ आणि १९९६

२९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतील पाँटियाकच्या सिल्व्हरडोम स्टेडियममध्ये, निकाल आधीच ठरलेल्या व्यावसायिक कुस्तीतला लाडका नायक हल्क होगन याने महाकाय कुस्तीपटू आंद्रे द जायंटला उचलून आपटले, तर ७ जुलै १९९६ रोजी डेटोना बीचला त्याच होगनने, मदतीला आल्याचे भासवून, निपचित पडलेला सहकारी कुस्तीपटू रँडी सॅव्हेज याच्या अंगावर पाय आदळला आणि तो खलनायक झाला. पहिला क्षण निर्विवाद भव्य आहे. मात्र त्याचे निम्मे श्रेय आंद्रेला द्यावे लागते, कारण पाठीची शस्त्रक्रिया झालेली असतानाही त्याने स्वतःला उचलू दिले. तरीही माझ्या मते दुसरा क्षण मोठा ठरतो. चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगणात पेले आणि कचरा भिरकावला, एक जण तर थेट आत घुसला, आणि त्यानंतर एप्रिल १९९८पर्यंत होगनच्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीच्या ‘नायट्रो’ या टीव्ही कार्यक्रमाने प्रेक्षकसंख्येत प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ला मागे ठेवले.